बेटावर शिल्लक

८ सप्टेंबर

धाकट्या,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज लिहीत नाही. मनात नसलेलं कागदावर उतरवायला मी काही सरकारी खातं नाही.

अकरा वर्षांनी लिहितेय. या अकरा वर्षांत तुझी सात पत्रं आली, ती मी फोडलीसुद्धा नाहीत. धक्क्याच्या कचेरीत, खणात, निशाणांच्या घड्यांखाली पडून आहेत. आजही लिहिलं नसतं. पण परवाच्या लाँचने वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला आणि पंपवाल्याने पहिल्या पानावर बोट ठेवून विचारलं, "अक्का, हा आपलाच ना? केस गेले वाटतं बिचाऱ्याचे."

लांबलचक टेबल, मधोमध फुलं. एका बाजूला पाहुण्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला आपली, आणि आपल्यांत शेवटून दुसरा तू. खाली छापलंय, 'बेटाच्या हस्तांतरासाठी संयुक्त समिती'. हस्तांतर! शब्द बघ कसा इस्त्री केलेला. आमच्याकडे याला घर लुबाडणं म्हणतात.

तुमच्या राजधानीत त्यांना 'थोर मित्रराष्ट्र' म्हणतात. इथे अजून पाहुणेच म्हणतात. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी वरचा माळ मागितला, दोन वर्षांसाठी, हवामान बघायला. दोनाची चौदा झाली. माळाला तारेचं कुंपण आलं, कुंपणाला फाटक आलं, फाटकावर बंदूक आली. ओसरीवर टेकायला जागा दिली, तर आता माजघराच्या किल्ल्या मागताहेत. मागण्याची तऱ्हा तरी बघ. त्यांचा मोठा साहेब रेडिओवर म्हणाला, "मैत्री आहे म्हणून मागतोय, नाहीतर घेतलं असतं." मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि लगेच आपले पंतप्रधान म्हणाले, चर्चा खेळीमेळीत झाली. मानेवर गुडघा ठेवलेल्या माणसाची खेळीमेळी! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर हसायचं कारण फोटो काढताहेत.

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. पण बातमीच्या शेवटी काय लिहिलंय वाचलंस का? तुम्हीच लिहून दिलं असेल म्हणा. 'या बेटावर बारमाही वस्ती नाही. मासेमारांच्या काही हंगामी झोपड्या आहेत. त्यामुळे कायद्यानुसार रहिवाशांचं मत घेण्याची आवश्यकता उरत नाही.'

वस्ती नाही! तेवीस घरं, चौऱ्याण्णव माणसं, एक शाळा, आठवड्यातून एकदा उघडणारा दवाखाना, आणि एकतीस वर्षं धक्क्यावर शिट्टी वाजवणारी मी. मी कोण मग, भूत? माझे पाय उलटे आहेत का? ज्या झोपडीत तुझे दुधाचे दात पडले ती हंगामी होती का रे? आईने कौलावर फेकलेले ते दात अजून तिथेच असतील. समितीला म्हणावं, शिडी घेऊन या.

वर्तमानपत्र म्हणतं, तुझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. नको करूस सही. उठून बाहेर पड, नाहीतर बसून राहा आणि नाही म्हण. एवढं एक बहिणीचं ऐक, मग हवं तर पुन्हा अकरा वर्षं बोलू नकोस.

अक्का

२९ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं! सख्ख्या बहिणीला टाइप करून पाठवतोस. खाली जावक क्रमांक तेवढा घालायचा राहिला.

काय लिहितोस ते पंपवाल्याला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे माझ्याच डोक्यात शिरावं म्हणून. बारमाही वस्ती असलेली जमीन तिथल्या लोकांचं मत घेतल्याशिवाय परक्याला देता येत नाही, हा आपला कायदा. बरं. पाहुण्यांनी समितीपुढे आपल्या धक्क्याच्या वह्यांचे फोटो ठेवले आहेत, एकतीस वर्षांच्या. बरं. दर वर्षी वादळाचे महिने लागायच्या आधी जी शेवटची लाँच सुटते, त्या तारखेपुढे 'बेटावर शिल्लक' या रकान्यात शून्य आहे, आणि पुढे मार्चपर्यंत शून्यच. तुझं काम एवढंच की हे कागद अस्सल की बनावट ते बघून सही करायची. आणि मग तुझं ते एक वाक्य: 'अक्षर तुझं आहे, अक्का.'

अक्षर माझं आहे तर काय झालं? सांग बनावट आहे. सांग, माझ्या बहिणीचा 'श' असा नसतोच. कोण येणार आहे इथे माझा 'श' तपासायला? त्यांनी एवढी मोठी खोटी गोष्ट टेबलावर फुलांशेजारी मांडली, तुला एक छोटी मांडता येईना? का तिकडे खोटं बोलायलाही आधी वरून परवानगी लागते?

वह्या त्यांच्या हाती लागल्या कशा, विचारतोस. मला काय ठाऊक. कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला. त्यांच्याकडे आकाशातून फोटो काढायची यंत्रं आहेत म्हणतात. काढला असेल पत्र्यातून.

ते राहू दे. इथे काय चाललंय ते ऐक, म्हणजे टेबलाखाली कुणाचे पाय कुणाच्या पायांवर आहेत ते कळेल. यंदा तेलाचं जहाज आलं नाही. जहाज पाहुण्यांचं, कंपनी पाहुण्यांची, आणि उत्तर असं की दुरुस्तीला गेलंय. चौदा वर्षांत कधी बिघडलं नाही ते नेमकं आत्ताच बिघडलं. शीतगृहाचं इंजिन बंद पडलं. तीन दिवसांची मासळी आम्ही पाट्या भरभरून परत समुद्रात ओतली. किनाऱ्यावर सगळे नाकाला फडकी बांधून उभे होते. त्याच दुपारी वरून जीप खाली आली, शाळेसाठी भेट म्हणून फळांचे डबे आणि खेळणी. पोटावर पाय द्यायचा आणि हातात खुळखुळा! आपल्या मास्तरीणबाईंनी सगळं जीपमध्ये परत चढवलं. चेंडू तेवढे ठेवून घेतले. म्हणाल्या, "चेंडूंचा काय दोष?"

जिल्ह्याचा साहेबही येऊन गेला. आपलाच, पाहुण्यांचा नव्हे. नकाशे पसरले. प्रत्येक कुटुंबाला मुख्य भूमीवर घर, समुद्राकडे तोंड असलेलं. जाळीवाली आजी, तुला आठवते ना, नव्वदीची झाली, अजून सुई ओवते, ती म्हणाली, "घराचं तोंड कुठेही करा हो साहेब. आमची तोंडं दाखवायला जागा उरणार नाही त्याचं काय करताय?" साहेबाने नकाशा गुंडाळला आणि चहा न घेता गेला. तसा वाईट नव्हता. घाबरलेला होता. तुम्ही सगळेच घाबरलेले आहात. भिऊन वागणाऱ्याला शेजारी मित्र म्हणत नाही रे, गडी म्हणतो.

बनावट आहे म्हणून सांग.

अक्का

१३ ऑक्टोबर

धाकट्या,

या वेळी हाताने लिहिलंस. म्हणजे कचेरीतून नाही, घरून. चारच ओळी. 'बनावट म्हणणार नाही, कारण ती बनावट नाही. मी इथे खोटं बोललो तर माझ्यानंतर कुणाच्याच खऱ्याला किंमत राहणार नाही.' आणि सोबत एक फोटो. माझ्याच वहीच्या पानाचा. पानाच्या डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, नखावर आडवी चीर.

ती चीर कशाची आहे हे जगात दोघांनाच माहीत. तू तीन वर्षांचा होतास आणि लाँच धक्क्याला लागताना तुझा हात मध्ये आला होता. तुझा हात मी ओढला, माझा राहिला.

फोटोखाली तू एक शब्दही लिहिला नाहीस. लिहिला असतास तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

तर ऐक. वह्या मीच दाखवल्या. मे महिन्यात. वरच्या माळावरून एक माणूस खाली आला, चाळिशीतला, आपली भाषा स्वच्छ बोलणारा, पहिल्याच वाक्यात मला अक्का म्हणणारा. म्हणाला, "जुन्या दळणवळणाचा अभ्यास करतोय." दोन दुपारी बसला. मी चहा केला. तुझे दाजी असते तर त्यांनी त्याला ओट्याच्या वर चढू दिलं नसतं, पण ते जाऊन सहा वर्षं झाली. त्या माणसाने पहिली वही उघडली, पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "अक्का, कुठल्या शाळेत शिकलात?" मी सांगितलं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, बिस्किटांच्या डब्यांवरून आणि हवामानाच्या तारांवरून अक्षरं लावत लावत शिकले. तो म्हणाला, "हे अक्षर संग्रहालयात ठेवायला हवं."

आणि मी फुगले रे. बेडकीसारखी फुगले. सदुसष्ट वर्षांत या अक्षराला कुणी बरं म्हटलं नव्हतं. कुलूप मी काढलं. पानं मी उलटली. वारा होता, तो फोटो काढताना पान उडू नये म्हणून अंगठा मी ठेवला. हरणाने पारध्याला पाणवठा दाखवावा तशी.

आता शून्याचं. तू म्हणशील, अक्का, तू तर बारा महिने तिथे होतीस, मग शून्य लिहिलंसच का? कारण मला तसंच शिकवलं होतं. माझ्याआधीचा म्हातारा धक्केवाला म्हणायचा, 'शिल्लक' हा रकाना लाँचवाल्यासाठी असतो. ज्यांना न्यायला लाँचला परत यायचंय तेवढीच डोकी त्यात धरायची. धक्क्याची माणसं धरायची नाहीत, ती कुठे जाणार आहेत? वाढणारी बाई ताटं मोजताना स्वतःचं मोजत नाही, तसं. वादळाचे चार महिने गाव मुख्य भूमीवर जातं, पोरांच्या शाळेसाठी, बाजारासाठी. मागे दिवा आणि पंप सांभाळायला धक्क्याचं घर आणि पंपाचं घर. मी, तुझे दाजी, पंपवाला, त्याची बायको. त्याची मुलगी फेब्रुवारीच्या वादळात याच घरात जन्मली, मी नाळ कापली, हात धुतले आणि वहीत शून्य लिहिलं. एकोणीस वर्षांची झाली ती. मला कधी खटकलंच नाही.

आणि आई.

फोटो बघितल्यावर मी खणातली निशाणं उचलली आणि तुझी सातही पत्रं काढली. पहिलंच फोडलं. बाकीची फोडायचं धाडस अजून झालेलं नाही.

मी अकरा वर्षं असं धरून चालले होते की आई आजारी असल्याचा निरोप तुला मिळाला आणि तू आला नाहीस. वादळाला भ्यालास किंवा साहेबाला. पण तू आला होतास. त्याच दिवशी बंदरावर पोचला होतास. आणि बंदरातल्या कारकुनाने माझी हंगामअखेरची तार तुझ्यापुढे धरली, 'बेटावर शिल्लक शून्य. धक्का बंद.' माझा निरोप गेल्यागेल्या वायरलेस वादळाने पडलेला, खात्री करायची सोय नव्हती. बचावनाव तयार होती, पण शिल्लक असेल तरच ती सुटते, शून्यावर सुटत नाही. आणि माझ्या निरोपात 'बेटावरून' असं लिहिलेलं नव्हतं. मला सुचेल तरी कशाला? मी दुसरीकडे असणार कुठे! तू समजलास, अक्काने आईला इकडे आणलंय. तीन दिवस तू त्या गावात आईला शोधत हिंडलास, दोन धर्मशाळा, एक इस्पितळ, आपल्या मावसभावाचं घर. आणि ती इथे, मधल्या खोलीत, दर थोड्या वेळाने विचारत होती, "लाँच लागली का?"

त्या तीन दिवसांत मीही हातावर हात ठेवून बसले नव्हते. वरच्या माळावर गेले होते, फाटकापाशी. पाहुण्यांकडे हेलिकॉप्टर होतं. फाटकावरच्या माणसाने जाड वहीत सगळं उतरवून घेतलं, आईचं वय, अठ्ठ्याहत्तर, दुखणं काय, घर कुठलं. म्हणाला, वरून परवानगी यावी लागेल. परवानगी चौथ्या दिवशी आली. आई तिसऱ्या दिवशी गेली.

म्हणजे बघ. ज्या म्हातारीचं वय त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं, ती म्हातारी त्या हिवाळ्यात बेटावर नव्हतीच. मी लिहिलंय तसं. शून्य.

अकरा वर्षं शिव्या घातल्या तुला. त्या परत कशा घ्यायच्या ते बिस्किटांच्या डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

अक्का

१४ ऑक्टोबर, सकाळी

धाकट्या,

लाँच तासाभरात सुटेल, म्हणून कालच्याच पाकिटात हा कागद घालतेय.

रडगाणं झालं. आता कामाचं. वही अस्सल आहे, अक्षर माझं आहे, आणि लिहिलेलं खोटं आहे. असंच सांग, याच क्रमाने. सोबत चार पानं जोडलीत, एकतीसही हिवाळ्यांची, एकेक करून. कुठल्या वर्षी धक्क्यावर कोण कोण होतं, कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचा पाय मोडला, सगळं आठवून लिहिलंय. खाली सही आणि तोच अंगठा. पंपवाल्याने आणि मास्तरीणबाईंनी साक्ष केलीय. आणि त्यांच्याकडून ती फाटकावरची वही मागून घे. आमची वही त्यांना चालते, तर त्यांची आम्हाला का नको?

मला माहीत आहे काय होईल. एकतीस वर्षं खोटी नोंद ठेवणारी बाई म्हणून मला धक्क्यावरून काढतील. तुझंही काही धड राहणार नाही. पण मी तुझी बहीण आहे हे लपवू नकोस. ते नंतर शोधून काढतील आणि तेच मोठं करतील. पहिल्याच वाक्यात सांगून टाक.

एक सांगते, मग वाटेल ते कर. त्या माणसाने अक्षर चांगलं म्हटलं म्हणून मी दार उघडलं. तुझ्या त्या टेबलावर तुलाही कुणी चांगलं म्हटलं असेल. फुगू नकोस.

अक्का

३ नोव्हेंबर

धाकट्या,

तू काही कळवणार नाहीस हे ओळखून माझ्या भावजयीने सविस्तर लिहिलं. गुणी आहे पोरगी, तुझ्या वाट्याला जरा जास्तच गुणी. ती मागच्या बाकावर बसली होती म्हणे. पाहुण्यांचा वकील काय काय बोलला ते तिने शब्दाला शब्द उतरवलंय.

"म्हणजे आपल्या भगिनी एकतीस वर्षं खोटं लिहीत होत्या आणि गेल्या आठवड्यात अचानक खरं लिहू लागल्या, असं समजायचं का?"

"हो."

"हे सांगताना आपल्याला वाईट वाटत नाही?"

"वाटतं. तुमची फाटकावरची वही आणा."

"ती गोपनीय आहे."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं दुखणं गोपनीय? ती माझी आई होती. मी परवानगी देतो."

हे मी तीनदा वाचलं. पंपवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "केस गेले पण आतलं शाबूत आहे." जाळीवाल्या आजीला वाचून दाखवलं, तिला ऐकू येत नाही, तरी तिने मान डोलावली.

वही त्यांनी आणली नाही. नाहीच आणणार. पण आपले ते म्हातारे न्यायमूर्ती, समितीचे अध्यक्ष, म्हणाले, जी वही दाखवायला एवढी अडचण आहे तीत काय असेल ते मला कळतं. ती बघितल्याशिवाय मी सही करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही. त्यांचं भलं होवो. आणि आता सरकारला नाइलाजाने एप्रिलमध्ये मत घ्यावं लागतंय.

यावर आपल्या पंतप्रधानांनी काय करावं? त्या न्यायमूर्तींच्या पाठीवर थाप द्यावी की नाही? ते रेडिओवर म्हणाले, मित्रराष्ट्राचा गैरसमज झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत. दिलगीर! चोर पकडला गेला म्हणून घरमालक दिलगीर! मी रेडिओवर ओले मोजे वाळत घातले.

पाहुण्यांचा राजदूत रागावून निघून गेला. तेलाचं जहाज 'अनिश्चित काळासाठी' दुरुस्तीत आहे. आणि तुला म्हणे जुन्या खुर्च्या आणि छत्र्या ठेवतात त्या खोलीत बसवलंय, समोर टेबलसुद्धा नाही. भावजय लिहिते, तू घरी येऊन हसलास. खरं हसलास की तिच्यासाठी?

मेख मात्र त्यांनी मारून ठेवलीच आहे. नवा आदेश आलाय: मत कुणाला? तर वादळाचे चारही महिने जो सलग बेटावर राहील त्यालाच. कागदावर किती रास्त दिसतं बघ. आणि त्या चार महिन्यांसाठी आमच्याकडे तेल नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?

काल शाळेत सगळे जमलो. मास्तरीणबाई म्हणाल्या, जायचं असेल त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. दोन घरांत तान्ही मुलं आहेत रे. मग लाँचवाला उठला, ज्याचा धंदाच माणसं नेण्याचा, तो म्हणाला, "शेवटच्या फेरीला लाँच इथून रिकामीच परत जाईल. ती पंपवाल्याच्या भावाकडे सोपवून मी इथेच उतरेन. मला काय कुणी विचारायचं नाही का?" त्यावर हशा झाला आणि ठरलं. शीतगृहाच्या पत्र्याखालचं लाकूड काढायचं, जुन्या तीन होड्या फोडायच्या, आणि तेवीस घरांनी आठ घरांत राहायचं, म्हणजे आठच चुली पेटतील.

होड्या फोडताना मी तिथे थांबले नाही. एक दाजींची होती.

अक्का

२४ नोव्हेंबर

धाकट्या,

माझा बडतर्फीचा कागद आला, आणि त्याच लाँचने माझ्या जागेवरचा माणूसही आला. पन्नाशीचा असेल. धक्क्यावर उतरला तो ओकून ओकून पिवळा पडलेला, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात कोरी वही. मला त्याला बोल बोल बोलायचं होतं. लिंबू दिलं.

मी आता जाळ्यांच्या कोठीत राहते, जाळीवाल्या आजीबरोबर. ती घोरते आणि म्हणते मी घोरते.

पाहुण्यांची रोजची नवी तऱ्हा म्हणजे कर्णा. सकाळी दहा वाजता माळावरून सुरू होतो. तोच चाळिशीतला माणूस, तीच स्वच्छ भाषा. "प्रिय मित्रांनो, यंदाचा हिवाळा कठीण आहे. लहान मुलांचा विचार करा. आमचं हेलिकॉप्टर आपल्याला मोफत मुख्य भूमीवर पोचवेल. परवानगीची गरज नाही." परवानगीची गरज नाही! हे ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी काठी टेकत फाटकापर्यंत चढून गेले. बंदूकवाल्याला म्हटलं, आत जाऊन त्याला सांग, अकरा वर्षं उशीर झालाय, आमची म्हातारी थांबली नाही. त्याला माझी भाषा कळत नव्हती. एवढं वर चढून गेले आणि ऐकणारा बहिरा. उतरताना मोठमोठ्याने शिव्या देत आले, तेवढंच गुडघ्यांना बरं वाटलं.

दोन माणसं त्या हेलिकॉप्टरने गेली. नावं लिहीत नाही. एक आई आणि तिच्या कडेवरचं तान्हं, त्याला खोकला होता. मास्तरीणबाईंनी स्वतः तिची पिशवी वर नेऊन दिली. म्हणजे चौऱ्याण्णवाचे आता ब्याण्णव.

आता गंमत ऐक. काल त्या नव्या धक्केवाल्याने मला विचारलं, "अक्का, ही शिल्लक काढायची कशी?" मी म्हटलं, मला विचारू नका, मी खोटारडी म्हणून काढलेली बाई आहे. तुमच्या पायांनी दारोदार जा आणि डोळ्यांना दिसेल ते लिहा. तर तो खरंच गेला! वही छातीशी धरून आठही घरं हिंडला. प्रत्येकाला समोर उभं करून लिहून घेतलं. पंपवाल्याला म्हणाला, "तुम्ही धक्क्याचे कर्मचारी, तुम्हाला धरायचं का?" पंपवाल्याने आपला दंड पुढे केला, "चिमटा काढून बघा, साहेब." आमच्या कोठीशी आला तेव्हा आजी झोपलेली. तिला उठवू दिलं नाही, म्हणाला श्वास चालू आहे, पुरे. मग मला विचारलं, "या घरात एकूण किती?"

मी म्हटलं, "चार लिहा. आजी, मी, आणि भाऊ-भावजय."

"कुठे आहेत?"

"येणार आहेत. पुढच्या लाँचने."

"मग पुढच्या लाँचला लिहीन. दिसल्याशिवाय नाही लिहिता येत, अक्का."

मी खूप चिडले. म्हटलं, माझ्या शब्दावर विश्वास नाही का? तो खाली बघून म्हणाला, "तुमच्याच शब्दामुळे तर हे सगळं झालं ना?" आणि दोन लिहून निघून गेला. मला त्याला वहाण फेकून मारावीशी वाटली, आणि वाटलं, हा माणूस एकतीस वर्षांपूर्वी इथे असता तर तुला बचावनाव मिळाली असती.

तेव्हा आता माझ्या म्हणण्याला काही किंमत नाही. चार महिने इथे काढशील तर एप्रिलमध्ये तुझं एक मत, तिचं एक. तान्ह्याला मत नव्हतं, पण त्याच्या आईचं गेलं, ते भरून निघून वर एक. छत्र्यांच्या खोलीतून रजा मिळायला हरकत नसावी. छत्र्या काही अडून बसणार नाहीत. थंडी जबर आहे, तेल नाही, आजी घोरते, आणि माझ्याशी रोज भांडण होईल. तुझी उरलेली सहा पत्रंही मी तुझ्यासमोर फोडणार आहे, एकटीने वाचवत नाहीत. भावजयीला हे सगळं आधी नीट सांग, फसवून आणू नकोस.

शेवटची लाँच मंगळवारी दोन तारखेला, सकाळी आठला बंदरातून सुटते. लाँचवाला तुझ्यासाठी पाच मिनिटं थांबेल, सहा नाही. जाड मोजे आण, सगळ्यांनाच हवेत. आणि लाँच चुकलीच, तर त्या हेलिकॉप्टरने यायचा शहाणपणा करू नकोस. दार उघडणार नाही.

अक्का